मोतिया सीट, मरून पायपिंग

७ सप्टेंबर, रविवार
काल गणपती गेले. आज पार्किंगमधला मांडव निघाला आणि त्याच्यामागे झाकलेली तांबवेकरांची गाडी पुन्हा सगळ्या सोसायटीला दिसायला लागली. मांडव आणखी महिनाभर राहिला असता तरी माझी हरकत नव्हती.
रामदास तांबवेकर. समोरचा फ्लॅट. त्यांची फियाट आणि माझी फियाट शेजारी शेजारी उभ्या असतात. दोन्ही सारख्याच म्हाताऱ्या. उन्हाळ्यात त्यांनी गाडी आतून नवी करून घेतली. आकाशी सीट, पांढरे डोअर पॅड, कडांना गोटासारखी पांढरी पायपिंग. दाराच्या आतल्या अंगाला एवढं काय बघायचं असतं मला कळत नाही. पण येणारा-जाणारा काचेला नाक लावून उभा.
आज अवनीही उभी राहिली. माझी स्वतःची मुलगी. तीस नोव्हेंबरला तिचं लग्न. म्हणाली, बाबा, काकांची गाडी काय भारी झालीय, कार्यालयात जायला तीच मागू या का? मी म्हटलं, आपली फियाट आहे की. ती म्हणाली, आहे, पण मागच्या सीटची स्प्रिंग टोचते, शालू फाटला तर आई मला फाडेल. आणि हसली.
मी हसलो नाही. ही मुलगी जन्मल्यावर हॉस्पिटलमधून घरी आली ती या गाडीतून. दहावी, सीईटी, पहिला इंटरव्ह्यू, दर वेळी निघायच्या आधी आम्ही दोघं राजाराम पुलापर्यंत एक राउंड मारून यायचो. तिचाच हट्ट. त्याशिवाय पेपर चांगला जात नाही म्हणे. हे राउंड कोणी मारले? तांबवेकरांनी?
निर्णय : गाडी आतून संपूर्ण नवी करायची. स्वतः. पाटबंधारे खात्याच्या ड्रॉइंग सेक्शनमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला दोन सीटची कव्हरं जड नाहीत. अवनी सासरी जाईल ती आमच्या गाडीतून.
यात मत्सराचा काही संबंध नाही. नोंद असावी.

८ सप्टेंबर, सोमवार
स्क्रू-ड्रायव्हर घेऊन निघालो तर बायकोने, उल्काने, दारात अडवलं. पितृपक्ष लागला, लग्नाची गाडी या दिवसांत उसवायची नाही म्हणाली. मी तिला वैज्ञानिक दृष्टिकोन समजावून सांगितला. तिने सगळं शांतपणे ऐकलं आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन तिच्या साड्यांच्या कपाटात ठेवला.
ठीक. पंधरवडाभर प्लॅनिंग. मोठी कामं प्लॅनिंगमध्येच निम्मी होतात.

१४ सप्टेंबर, रविवार
रंग ठरला. मोतिया. पायपिंग मरून. पांढरा रंग हॉस्पिटलचा, मोतिया खानदानी. तांबवेकरांच्या सीटवर शिवणीच्या उभ्या रेघा आहेत, माझ्या सीटवर चौकटी येतील. त्यांच्या दाराला एक खिसा आहे, माझ्या दाराला दोन.
उल्काने ड्रॉइंग पाहिलं. मोतिया रंग मळतो म्हणाली. मी म्हटलं, ज्यांना गाडीत कसं बसायचं कळतं त्यांच्या गाड्या मळत नाहीत. यावर ती म्हणाली, तुमच्या पोटात दुखतंय. मला खरोखरच ॲसिडिटी आहे, हे तिला माहीत असून ती असं बोलते.
जिन्यात तांबवेकर भेटले. आपणहोऊन त्यांच्या कारागिराचा नंबर देऊ लागले. नारायण पेठेतले कोणी नागोराव. म्हणाले, श्यामराव, माणूस झकास आहे, माझं नाव सांगा. यांचं नाव सांगू मी? नंबर घेतला, फक्त सभ्यता म्हणून.

२२ सप्टेंबर, सोमवार
घटस्थापना. कामाला सुरुवात. दोन्ही सीट बाहेर काढल्या. मागच्या सीटखाली हा कचरा! पेन्सिलींचे तुकडे, चिंचोके, लाल रिबीन, कुठल्याशा स्नेहसंमेलनाचा पुठ्ठ्याचा मुकुट. सगळं अवनीचं. टाकून दिलं. गाडी कशी सुटसुटीत वाटतेय.
जुनी कव्हरं उसवून ती मापासाठी वापरायची होती. उसवताना फाटली. हरकत नाही, नजरेनं माप घेता येतं.

२ ऑक्टोबर, गुरुवार
दसरा. सोसायटीत सगळ्या गाड्यांची पूजा. तांबवेकरांच्या गाडीला झेंडूची तोरणं, आत आकाशी सीटवर आपट्याची पानं. बायकांनी गाडीसोबत फोटो काढले. उल्काही त्यात होती. मधोमध.
माझी गाडी पूजेसाठी पुढे घ्यायची तर आत सीट नाही. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून घेतली. ब्रेक लावला तेव्हा गाडी थांबली, स्टूल थांबलं नाही. फार लागलं नाही. तांबवेकर धावत आले आणि मला उठवायला त्यांनीच हात दिला. सगळ्यांसमोर. हा माणूस संधी सोडत नाही.

५ ऑक्टोबर, रविवार
आज छताचं आतलं अस्तर. जुनं काढलं, नवं मोतिया कापड स्वतः चिकटवलं. व्हिडिओत तो मुलगा दहा मिनिटांत करतो. मला दिवस गेला, पण त्याच्या कामात आणि माझ्या कामात फरक असणारच. अवनी चहा घेऊन खाली आली होती. बाबा, तुम्ही का एवढं करताय म्हणाली. मी म्हटलं, तू बघच. ती थोडा वेळ पायरीवर बसली, ऑफिसातलं काहीतरी सांगत होती. मी डोकं वर करून होतो त्यामुळे नीट ऐकू आलं नाही.

७ ऑक्टोबर, मंगळवार
ट्रायल म्हणून गाडी बाहेर काढली. ड्रायव्हरची सीट तात्पुरती बसवली होती. कर्वे पुतळ्याच्या सिग्नलला अस्तर सुटलं आणि पूर्ण माझ्या अंगावर आलं. आतून काही दिसेना. ट्रॅफिकचा हवालदार काचेवर टकटक करून म्हणाला, काका, पांघरूण काढा, सिग्नल सुटला.
गोंद भेसळीचा निघाला. दुसरं काय.
आणि हे सगळं पाहायला मागच्या गाडीत कोण असावं? हॉर्नसुद्धा वाजवला नाही. घरी आल्यावर एका शब्दानं विचारलं नाही. विचारलं असतं तर परवडलं असतं.

९ ऑक्टोबर, गुरुवार
नारायण पेठेत गेलो. योगायोगानं नागोरावांचंच दुकान दिसलं. तांबवेकरांचं नाव घेतलं नाही. नागोराव नांदेडकडचे, तोंडात साखर आणि शब्दाला तारीख नाही. काहीही सांगा, होऊन जातंय साहेब. चौकटींची शिवण? होऊन जातंय. दोन खिसे? होऊन जातंय. मी म्हटलं, मागच्या सीटला मधोमध हात ठेवायला गादी हवी, आणि फोम तांबवेकरांच्या दुप्पट.
नाव तोंडातून गेलं. नागोराव खूश. म्हणाले, ते होय, लई मोठ्या मनाचा माणूस, तुमच्याबद्दल सांगत होते, आमच्या शेजाऱ्यांचा हात ड्रॉइंगमध्ये फार चांगला आहे म्हणून.
पाठीमागे चांगलं बोलतात म्हणजे काय समजायचं? गाडी नारायण पेठेत सोडून रिक्षानं घरी आलो.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार
भाऊबीज झाली. नागोराव गावाला गेले आहेत. फोनवर म्हणाले, दम धरा साहेब, येऊन टाकतो आणि करून टाकतो.
दिवाळीत तांबवेकर अवनीला आणि आमोदला, म्हणजे होणाऱ्या जावयाला, गाडीतून सारसबागेत घेऊन गेले. पहाटेच्या दीपोत्सवाला. मलाही बोलावलं. मी गेलो नाही. गाडीत जागा नसेल असं सांगितलं. त्यांना मूलबाळ नसल्यामुळे वेळ असतो, एरवी रिटायर्ड माणसाला हे जमत नाही. मी पण रिटायर्ड आहे, पण माझ्यामागे गाडीचं काम आहे.
अवनी परत आल्यावर त्यांच्या सीटचं कौतुक सांगत होती. मऊ आहे म्हणे. मी म्हटलं, थांब.

१५ नोव्हेंबर, शनिवार
गाडी आली!
शब्द नाहीत. मोतिया सीट, मरून पायपिंग, चौकटी अशा की ड्रॉइंगवरून उचलून ठेवल्यात. प्रत्येक दाराला दोन खिसे. मागे मधोमध गादी. छताला एक सुरकुती नाही. नव्या रेक्झिनचा वास असा की गाडी सुरू न करता आत बसून राहावं. बसून राहिलो.
फोम जरा उंच झालाय. डोकं छताला लागतं आणि क्लचपर्यंत पाय न्यायचा तर थोडं घसरावं लागतं. सवय होईल. उंचावरून रस्ता चांगला दिसतो.
तांबवेकर आले. दोन्ही हात पाठीमागे बांधून वाकून पाहिलं. म्हणाले, श्यामराव, आमच्यापेक्षा सुंदर झालीय. मी टोमणा शोधला. सापडला नाही. पण असणारच.

१६ नोव्हेंबर, रविवार
नियम ठरवले. एक, नागोरावांनी घातलेलं प्लास्टिक लग्नापर्यंत काढायचं नाही. दोन, चपला बाहेर. तीन, तेलकट, गोड, ओलं काही आत आणायचं नाही. चार, दारं हळू.
उल्काला प्रथम बसवली. चपला काढून बसली. प्लास्टिक कुरकुरलं. विचारलं, आता हलायचं की नाही? मी म्हटलं, शक्यतो नको. ती उतरली आणि भाजी आणायला तांबवेकरबाईंच्या स्कूटरवर गेली.
सोसायटीतली सगळी माझी गाडी पाहायला आली होती. तांबवेकरांच्या गाडीकडे आज एकानंही पाहिलं नाही. मी मोजत नव्हतो, फक्त लक्षात आलं.

२२ नोव्हेंबर, शनिवार
अवनी खरेदीहून आली, तशीच आत्याकडे जायचं होतं. पिशव्या घेऊन मागे बसणार होती, मी थांबवलं, पिशवीत श्रीखंडाचे डबे होते. बाबा, झाकणं घट्ट आहेत म्हणाली. मी म्हटलं, झाकणं घट्ट असल्याचं प्रत्येकाला वाटतं. ती रिक्षा बघायला गेली. 
जाताना म्हणाली, हळद लागली की एक राउंड मारायचा हं. राजाराम पूल. सगळ्यात मोठा पेपर आहे.
माझं काळीज भरून आलं. तांबवेकरांना नाही म्हणाली, मला म्हणाली. इतके महिने ज्यासाठी केलं ते पावलं.

२९ नोव्हेंबर, शनिवार
आज हळद होती. घडलं ते क्रमानं लिहितो, म्हणजे चूक कोणाची ते स्पष्ट होईल.
सकाळी धायरीहून आमोदची उष्टी हळद आली. गच्चीवर बायकांनी अवनीला हळद लावली. उल्का, आत्या, तांबवेकरबाई, सगळ्यांनी मिळून तिला पिवळीधमक केली. हात, पाय, गाल, कानाच्या पाळ्यासुद्धा. मी लांबून पाहत होतो. लहानपणी आंबा खाऊन यायची तशीच दिसत होती. डोळ्यांत पाणी आलं.
मग ती धावत खाली आली. बाबा, चला, राउंड.
मी गाडीचं दार उघडलं. आणि मला तिचे हात दिसले. हळद रेक्झिनवर बसली की बसली, हे मी नाही, नागोरावांनी सांगितलंय. प्लास्टिक होतं, मान्य. पण शिवणीपाशी प्लास्टिकला भोकं असतात. डोअर पॅडला तर प्लास्टिकच नाही. मी फक्त एवढंच म्हटलं, अवनी, हात वर धर, कुठे टेकू नकोस, मी वरून जुनी चादर घेऊन येतो.
तिने हात वर धरले. दोन्ही. पोलिसांनी पकडल्यासारखे. हसतच होती. मी वर गेलो. जुनी चादर कपाटात वर होती, ती काढली तर ती जरा पातळ वाटली, म्हणून दुसरी काढली. शिवाय वर्तमानपत्रं घेतली. पायाखाली घालायला. यात कितीसा वेळ जातो?
खाली आलो तर अवनी नव्हती. तांबवेकरांची जागा रिकामी.
उल्का जिन्यात उभी होती. म्हणाली, ती दहा मिनिटं हात वर करून उभी होती हो. तांबवेकर म्हणाले, बस बाळ, बाबा चादर शोधतायत तोवर फिरून येऊ.
चादर घेऊन तिथेच उभा राहिलो. परत आले. अवनी उतरली. उतरताना तिने त्यांच्या दाराच्या आतल्या पांढऱ्या पॅडवर पूर्ण पंजा टेकवला. पाच बोटं, स्वच्छ उठली. बिचारे तांबवेकर, असं मनात आलं. एवढं पांढरं काम, आता जन्मात निघायचं नाही.
विचारलं, कुठपर्यंत गेला होतात. म्हणाली, राजाराम पूल.
मी म्हटलं, ट्रॅफिक फार होता का?

३० नोव्हेंबर, रविवार
पहाटे उठून गाडीला मोगऱ्याच्या माळा लावल्या. माळांखाली सुती कापड, रंगावर ओरखडे नकोत.
अवनी शालू नेसून खाली आली. दहा घरांचे लोक उभे. माझ्या गाडीत बसली. आणि सरकली. प्लास्टिकवर शालू थांबेना. पुन्हा नीट बसली, पुन्हा सरकली. चौकटींचा, फोमच्या उंचीचा काही दोष नाही, शालूच निसरडा. शिवाय मुंडावळ्या छताला अडकल्या. मी म्हटलं, थांब, प्लास्टिक काढतो. ओढायला लागलो. नागोरावांनी ते पायपिंगच्या आत शिवून टाकलं होतं. दातानं तोडायचाही प्रयत्न केला.
उल्का म्हणाली, मुहूर्त आहे, तो आपल्यासाठी थांबत नसतो. अवनीनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. बाबा, असू दे. मी काकांच्या गाडीतून जाते, तुम्ही मागे या. रागानं म्हणाली असती तर मी वाद घातला असता.
मागे मागे गेलो. तांबवेकरांच्या मागच्या काचेतून तिचा अंबाडा दिसत होता. माझ्या मागच्या सीटवर रुखवत. त्यातही लाडू-चकल्या दुसऱ्या गाडीत दिल्या होत्या, माझ्याकडे कागदाची फुलं आणि विणलेले रुमाल.
पाठवणीच्या वेळी गळ्यात पडून रडली. म्हणाली, बाबा, गाडी खरंच खूप सुंदर झालीय.

३ डिसेंबर, बुधवार
घर शांत आहे. उल्का पाहुण्यांच्या चादरी धुते आहे. पार्किंगमध्ये गेलो. प्लास्टिक कात्रीनं कापून काढलं. आत सगळं कोरं. एक डाग नाही, एक सुरकुती नाही. पुण्यात अशी स्वच्छ फियाट दुसरी नसेल.
तांबवेकर शेजारी गाडी पुसत होते. सगळी गाडी पुसली, ते एक दार सोडून. मला वाटलं विसरले. मी स्वतः पुढे होऊन सांगितलं, थोडं रॉकेल, मग साबण, बरीचशी हळद जाईल. त्यांनी फडकं पिळलं, बराच वेळ पिळत राहिले. म्हणाले, श्यामराव, नको. राहू दे. आमच्या घरात असा हात कधी उमटला नाही.
मी त्या पंजाकडे पाहिलं. करंगळी थोडी वाकडी आहे. लहानपणी माझ्याच गाडीच्या दारात सापडली होती. मीच डॉक्टरकडे नेली होती. आणि आता ती त्यांच्या दारावर.
जळलो. आजपर्यंत सीटवरून, खिशांवरून, पायपिंगवरून जे काही झालं असेल ते सोडा. आज खरा जळलो. त्या डागावरून.
वर आलो. जेवण गेलं नाही.

४ डिसेंबर, गुरुवार
सकाळी उल्का मंडईत गेल्यावर स्वयंपाकघरात गेलो. हळद घेतली, तेल घेतलं, वाटीत कालवली. उजव्या हाताला लावली. खाली जाऊन माझ्या गाडीचं मागचं दार उघडलं आणि मोतिया पॅडवर, बरोबर जिथं ती उतरताना हात टेकवते तिथं, पंजा दाबून धरला.
छान उठला. पण मोठा आहे. बोटं जाड. करंगळी सरळ. कोणीही सांगेल, हा माझाच.
तेवढ्यात उल्का आली. पिशवी हातात. दाराकडे पाहिलं, माझ्या हाताकडे पाहिलं. मला वाटलं आता काहीतरी खोचक येणार. तिने पिशवी खाली ठेवली आणि पदरानं डोळे पुसले. मग म्हणाली, अवनीचा फोन होता, धायरीला रविवारी जेवायला बोलावलंय. गाडी काढाल का?
काढतो म्हटलं. पण अवनी हे दार पाहील. काय सांगणार?
रॉकेल लावलं. साबण लावला. दुपारपर्यंत घासत होतो. निघत नाही.